जर्मनच्या होडीचा हिशेब

आमच्या पिढीच्या घरात ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियम असं कुणी म्हणत नसे. त्याचं नाव ‘जर्मन’. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा, जर्मनची चाळण. पितळेला कल्हई लागायची, तांब्याला चिंच लागायची, या धातूला काहीच लागत नसे. म्हणून तो स्वयंपाकघरात सहज शिरला, आणि बहुधा म्हणूनच त्याला प्रतिष्ठा अशी कधी मिळाली नाही. रुखवतात कुणी जर्मनचं भांडं मांडल्याचं मला आठवत नाही. हलका, स्वस्त, जरा आपटलं की पोचा पडणारा, अशीच त्याची ख्याती. अशा धातूच्या पत्र्यावर विश्वास टाकून माणसं खोल पाण्यात जातात, पोराबाळांना बरोबर नेतात, हे पाहायला मला उत्तर अमेरिकेत जावं लागलं.

माझी मुलगी मिनेसोटा राज्यात राहते. हा सगळा तळ्यांचा मुलूख. तिथल्या मोटारींच्या पाट्यांवर ‘दहा हजार तळी’ असं लिहिलेलं असतं आणि ते चक्क विनयानं लिहिलेलं आहे. दहा एकरांहून मोठी तळीच तिथे ११,८४२ आहेत. राज्यात नोंदलेल्या होड्या सुमारे आठ लाख. आपल्याकडे दारात स्कूटर असावी तशी तिथे अंगणात होडी असते, चाकांच्या सांगाड्यावर ठेवलेली आणि ताडपत्रीनं झाकलेली.

मुलीच्या शेजारी शाळेची बस चालवून निवृत्त झालेले एक सत्तरीचे गृहस्थ राहतात. मागच्या एका मुक्कामात त्यांना होडी घ्यायची होती. उन्हाळ्यात मासे पकडायला आणि शरदात बदकांच्या शिकारीला, दोन्हींसाठी एकच. मी बँकेत असताना कोकणातल्या एका शाखेत मच्छीमारांना होड्यांसाठी कर्जं देत असे, हे मुलीनं त्यांच्या कानावर घातलं होतं. झालं! “म्हणजे तुम्हाला होड्या कळतात,” म्हणत त्यांनी मला गाडीत बसवलं. खरं तर मला होड्यांची कागदपत्रं कळत होती. पण दोन-तीन आठवडे त्यांच्याबरोबर विक्रेत्यांची आवारं हिंडलो, लोकांच्या अंगणातल्या जुन्या होड्या पाहिल्या, आणि लक्षात आलं, की हा सगळा व्यवहार कर्जाच्या छाननीसारखाच आहे. कर्ज देताना अर्जदाराचं उत्तम वर्ष पाहून भागत नाही. त्याचं वाईट वर्ष कसं जाईल, हे पाहावं लागतं. होडीचंही तसंच. ती निवडायची असते वाईट तासासाठी.

आधी या धातूबद्दल थोडं सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ॲल्युमिनियम चांदीपेक्षा महाग होतं. १८८४ साली वॉशिंग्टनमधल्या उंच स्मारकस्तंभाच्या टोकावर ॲल्युमिनियमचा छोटा पिरॅमिड बसवला, तो मौल्यवान धातू म्हणून. १८८६ साली अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, विजेच्या साहाय्यानं तो वेगळा करण्याची सारखीच रीत शोधली आणि त्याचा भाव कोसळला. पुढे विमानांनी तो उचलला. दुसऱ्या महायुद्धात ग्रुमन ही कंपनी अमेरिकी नौदलासाठी हेलकॅट जातीची लढाऊ विमानं बनवत होती. तिच्यातला विल्यम हॉफमन नावाचा अधिकारी १९४४ साली सुट्टीवर असताना एक जड लाकडी कनू डोंगरवाटेनं वाहून घामाघूम झाला आणि त्याच्या मनात आलं, की विमानाच्या पत्र्याची कनू का होऊ नये? १९४५ साली ती झाली. युद्ध संपत आलेलं, पत्रा आणि तो वाकवणारी, रिव्हेट ठोकणारी माणसं तयार. १९४८ साली मिनेसोटातल्याच न्यूयॉर्क मिल्स नावाच्या लहानशा गावात हॉवर्ड लुंड यांनी ॲल्युमिनियमची होडी बांधली. त्यांच्या नावाच्या होड्या आज त्या राज्यात कुठल्याही धक्क्यावर दिसतात. १९७८ साली मिसुरी राज्यातल्या जॉनी मॉरिस यांनी होडी, इंजिन आणि ती मोटारीमागे ओढून न्यायचा ट्रेलर असा तिन्हींचा एकच भाव लावून विक्री सुरू केली आणि मध्यमवर्गाच्या अंगणात होडी आली.

या पसंतीचं मूळ वजनात आहे. ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं. चौदा फुटांची साधी होडी शंभर किलोंच्या आसपास भरते. दोघांनी उचलली तर उचलते. कोकणातली होडी आपल्या पुळणीवर राहते आणि तिथूनच समुद्रात जाते. तिथली होडी आज या तळ्यावर, तर पुढच्या रविवारी पन्नास मैलांवरच्या दुसऱ्या तळ्यावर. ती जितकी पाण्यावर चालते, तितकीच रस्त्यावरून. शिवाय लाकडासारखी ती कुजत नाही आणि दरवर्षी कापूस-राळ घेऊन तिच्या फटी बुजवत बसावं लागत नाही.

आता निवड. पहिला प्रश्न होडीचा नसतोच, पाण्याचा असतो. आपण कुठल्या पाण्यात जाणार?

बदकं असतात उथळ पाण्यात. पाणकणसांच्या दाटीत, आणि जिथे रानभात उगवतो अशा पाणथळीत. हा रानभात तिथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक पिढ्यान्‌पिढ्या कनूत बसून काठ्यांनी झोडपून गोळा करत आले आहेत. अशा ठिकाणी पाणी कमरेएवढं, कुठे वीतभर. तिथे सपाट तळाची, दोन्ही टोकांना चौकोनी अशी होडी हवी. तिला ‘जॉन बोट’ म्हणतात. ती जणू पाण्यावर ठेवलेली परात. तिच्या मापाची सांकेतिक भाषा असते. विक्रेता ‘१४३६’ म्हणाला, की ओळखायचं, लांबी १४ फूट आणि तळाची रुंदी ३६ इंच. बाजू बुटक्या, त्यामुळे ती लव्हाळ्यात लपते. बूड सपाट, त्यामुळे चिखलावरूनही सरकते. किंमतही कमी. आमच्या शेजाऱ्यांचा जीव आधी अशाच एका होडीवर जडला होता.

पण मासे ते कुठे पकडणार? तर मिल लाक्स या तळ्यात. तळं म्हणायचं एवढंच. त्याचा विस्तार दोनशे चौरस मैलांहून अधिक, पलीकडचा काठ दिसत नाही. खोली मात्र कुठेही ४२ फुटांच्या पलीकडे नाही. खोली कमी आणि वाऱ्याला मोकळं मैदान, त्यामुळे वारा सुटला की तिथे लाटा उठतात त्या आखूड आणि उभ्या. समुद्राची लांब लाट होडीला उचलते आणि खाली ठेवते. ही लाट थपडा मारते. सपाट तळाची होडी तिच्यावर आपटत राहते आणि पुढच्या चौकोनी कडेवरून पाणी आत घेते. तिथे इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा, पुढे निमुळता आणि लाट कापत जाणारा तळ हवा, आणि बाजू उंच हव्यात. पण अशी होडी उथळ पाण्यात रुतते आणि उंच बाजूंवर वाऱ्याचा जोर बसतो. म्हणजे मासेमारीला जो गुण, तो शिकारीला अवगुण. दोन्हींसाठी एकच होडी घेणाऱ्यानं कुठे सोडायचं आणि कुठे सोडायचं नाही, एवढंच ठरवायचं असतं.

दुसरा प्रश्न वजनाचा. अमेरिकेत १९७२ पासून वीस फुटांच्या आतल्या इंजिनाच्या होड्यांवर क्षमतेची पट्टी असते. जास्तीत जास्त माणसं किती, माणसं-इंजिन-सामान मिळून वजन किती आणि इंजिन किती अश्वशक्तीचं, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. पट्टी नसेल तर एक ढोबळ सूत्र आहे. होडीची लांबी आणि रुंदी फुटांत घ्यायची, गुणाकार करायचा आणि पंधरांनी भागायचं. चौदा फूट लांब आणि पाच फूट रुंद होडी घेतली तर सत्तर भागिले पंधरा, म्हणजे चार माणसं. वरचा अपूर्णांक सोडून द्यायचा. अपूर्णांकातला माणूस होडीत बसवायचा नसतो. हे सूत्रही शांत हवेतलं. वारा असेल तर माणसं त्याहून कमी.

आमच्या शेजाऱ्यांनी कागद-पेन्सिल काढली. ते स्वतः शंभर किलोंचे. मित्र साधारण तेवढेच. लॅब्राडोर कुत्रा, पडलेली बदकं पोहत जाऊन आणणारा. पाण्यावर मांडून ठेवायची दोन डझन प्लास्टिकची फसवी बदकं, त्यांच्या दोऱ्या आणि शिशाची वजनं. बंदुका, काडतुसं, बॅटरी, पेट्रोलची टाकी, नांगर, थंडीचे जाड कपडे, थर्मास. माणसं दोन आणि वजन चौघांचं! त्यात यंदा नऊ वर्षांचा नातू येणार म्हणून हटून बसलेला. चौदा फुटांची जॉन बोट त्या कागदावरच बुडाली. त्यांच्या पत्नी इतका वेळ शांतपणे विणत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “हिच्यात किती जण बसतील ते समजलं. किती जण परत येतील ते सांगा.” मी बँकेत असंख्य प्रस्ताव वाचले, इतक्या थोडक्यात नेमका शेरा क्वचितच कुणी मारलेला पाहिला.

तिसरा प्रश्न बांधणीचा. पत्र्याची जाडी साधारण दीड ते तीन मिलिमीटरच्या दरम्यान. पातळ पत्रा हलका आणि स्वस्त, पण खडकावर आपटला की पोचा. जोडणी दोन प्रकारची. विमानासारखे रिव्हेट ठोकलेली आणि वेल्डिंग केलेली. रिव्हेटची होडी थोडी लवचीक असते, धक्का सोसते, पण वर्षानुवर्षं हादरे खाऊन तिचे रिव्हेट सैल होतात आणि थेंब थेंब पाणी आत येतं. ते पुन्हा ठोकून घट्ट करता येतात. वेल्डिंगची होडी बहुधा जाड पत्र्याची, दणकट, खडकाला आणि बर्फाच्या कडांना न डरणारी. पण जड आणि महाग, आणि चीर गेली तर चांगला कारागीरच शोधावा लागतो. जुनी होडी पाहायची असेल तर एक सोपी युक्ती शेजाऱ्यांनी दाखवली. ती ट्रेलरवर असतानाच आत नळीनं चार बोटं पाणी सोडायचं आणि आपण खाली वाकून पाहायचं. बाहेरचं पाणी जिथून आत येणार, तिथूनच आतलं बाहेर ठिबकतं. आपल्याकडे बाजारात माठ घेताना पाणी भरून पाहतात, तीच ही परीक्षा.

मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगतात, ती अनेक होड्यांत पत्र्याच्या आत प्लायवुडची असते. इंजिन धरून खालीवर हलवायचं. फळी लचकली तर आत लाकूड कुजलं आहे, असं समजावं. ते बदलताना काही जण न कुजणारं म्हणून तांब्याच्या क्षारांचं औषध दिलेलं लाकूड घालतात, आणि तेच लाकूड पत्र्याला खाऊ लागतं. ॲल्युमिनियमचं आणि तांब्याचं ओल्यात जमत नाही. खारं पाणी असेल तर मुळीच नाही. आपल्या आयांना हे रसायनशास्त्र न शिकताच ठाऊक होतं. चिंचेचं सार आणि कैरीचं लोणचं जर्मनच्या भांड्यात ठेवू नये, भांड्याला बारीक भोकं पडतात, हे त्या सांगतच असत. म्हणून गोड्या पाण्याच्या तळ्यांत ही होडी सुखानं नांदते. खाऱ्या पाण्यात न्यायची तर जस्ताचे तुकडे जोडून, रोज गोड्या पाण्यानं धुऊन तिला जपावं लागतं. कोकण किनाऱ्यावर लाकडाची जागा फायबरनं घेतली, ॲल्युमिनियमनं नाही, त्यामागे इतर कारणांबरोबर हा खारेपणाही आहे.

इंजिनाचा मोह वेगळाच. ओल एव्हिन्‌रूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिरानं १९०९ साली होडीच्या मागे टांगायचं इंजिन विक्रीला आणलं. विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्यावर भर उन्हात आपल्या प्रियेसाठी आइस्क्रीम आणायला तो वल्हवत गेला, परत येईतो ते वितळलं आणि त्यातून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. तेव्हापासून माणसाला वाटतं, की अजून थोडा जोर हवा होता. पण इंजिन मोठं तर मागे भार मोठा, आणि होडी मागून पाणी घेते. शेजाऱ्यांनी ठरवलं, पट्टीवर चाळीस अश्वशक्ती लिहिलेली असली तरी पंचवीसचं पुरे. शिकारीच्या होडीला चकाकीही नको. मळकट हिरवा किंवा वाळल्या गवताचा रंग हवा. आणि आवाज नको. पत्र्याची होडी म्हणजे ढोल. आत नुसती पक्कड पडली तरी मासा पळतो आणि बदक उडतं. म्हणून तळाला रबराची चटई.

शिकारीचं ऐकताना आपल्या वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे मला ठाऊक आहे. माझ्याही पडली होती. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदूक घेऊन पाखरांमागे जाणं ही मागच्या पिढीची गोष्ट झाली. तिथे ती चालते, पण मोकाट नाही. १९१८ पासून स्थलांतरित पक्ष्यांसाठी तिथे कायदा आहे. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला दरवर्षी एक तिकीट विकत घ्यावं लागतं. १९३४ साली ते एक डॉलरचं होतं, आता पंचवीसचं आहे, आणि त्या पैशांतून पाणथळ जागा विकत घेऊन राखल्या जातात. शिशाचे छर्रे पाण्यात पडून पक्ष्यांना विषबाधा होते, म्हणून १९९१ पासून बदकांच्या शिकारीत ते देशभर बंद आहेत. इंजिन चालू असलेल्या होडीतून गोळी झाडता येत नाही. इंजिन बंद हवं आणि त्याच्या जोरावरची होडीची गतीही थांबलेली हवी. माझं मन काही शिकारीकडे वळलं नाही. पण पाखराला संधी देणारा हा नियम मला आवडला.

आणि पाखराहून जास्त संकटात कधी कधी शिकारीच असतो. मिनेसोटात आजही एका दिवसाची गोष्ट सांगतात. ११ नोव्हेंबर १९४०, पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामाच्या स्मरणाची सुट्टी. सकाळ त्या ऋतूच्या मानानं नवल वाटावं इतकी उबदार होती. शेकडो शिकारी पातळ कपड्यांत, लहान लहान होड्यांतून मिसिसिपी नदीच्या फाट्यांमध्ये आणि बेटांवर गेले. बदकांचे थवेच्या थवे येत होते. ती वादळापुढे पळत होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुपारपर्यंत वारा फिरला, पारा कोसळला, आधी पाऊस आणि मग हिमवादळ. नदीत अशा लाटा उठल्या, की बुटक्या होड्यांतून काठ गाठणं अशक्य झालं. जे निघाले त्यांतले काही बुडाले, जे बेटांवर थांबले त्यांतले काही रात्री गारठून गेले. एकट्या मिनेसोटात ४९ माणसं दगावली, त्यांतले सुमारे निम्मे शिकारी होते. दुसऱ्या दिवशी विनोना गावचा मॅक्स कॉनराड हा वैमानिक आपलं छोटं विमान घेऊन त्या वाऱ्यात उडाला, अडकलेल्यांना खाण्यापिण्याच्या वस्तू आणि काड्यापेट्या भरलेले डबे टाकत राहिला आणि बचाव करणाऱ्यांना वरून वाट दाखवत राहिला.

त्या सकाळी प्रत्येकाची होडी योग्यच होती, सकाळच्या पाण्यासाठी. दुपारच्या पाण्याचा विचार तिच्यात नव्हता.

आता हवामानाचे अंदाज खिशातल्या फोनवर येतात. तरी माणसं बुडतातच. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे दरवर्षीचे आकडे साधारण एकच गोष्ट सांगतात. होड्यांच्या अपघातांत दगावणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांशांच्या आसपास बुडून जातात, आणि त्या बुडालेल्यांत दहापैकी आठांहून अधिक जणांच्या अंगात लाइफ जॅकेट नसतं. शरदातल्या पाण्याचा गारठा असा, की पट्टीचा पोहणाराही काही मिनिटांत हात हलवू शकत नाही. म्हणून होडीइतकीच महत्त्वाची वस्तू होडीबरोबर मिळत नाही; ती वेगळी घ्यावी लागते आणि घेतल्यावर अंगात घालावी लागते.

अखेर आमच्या शेजाऱ्यांनी एक सोळा फुटांची जुनी होडी घेतली. रिव्हेटची, ‘व्ही’ तळाची, पण मध्ये रुंद, उंच बाजूंची. रंग त्यांनी स्वतः मळकट केला. आत बसण्याच्या फळ्यांखाली फोम भरलेला, त्यामुळे पाणी भरलं तरी ती तरंगत राहते. बदकांच्या ऐन उथळ कोपऱ्यात ती जाणार नव्हती. “तिथली बदकं ज्याच्याकडे लहान होडी आहे त्याची,” असं म्हणून त्यांनी तो कोपरा सोडून दिला. मला वाटतं, सगळ्या निवडीतलं अवघड काम हेच होतं. होडीचे पैसे देण्याआधी त्यांनी नातवाच्या मापाचं लाइफ जॅकेट घेतलं. मिनेसोटात दहा वर्षांखालच्या मुलाला चालत्या होडीत ते घालणं कायद्यानंच सक्तीचं आहे. “पुढच्या वर्षी तो दहाचा होईल, कायदा सुटेल,” मी म्हणालो. ते म्हणाले, “पाण्याला वय विचारायची सवय नसते.” आणि त्यांनी स्वतःसाठीही एक घेतलं.

हे सारं आपल्याला कशाला, असं कुणी म्हणेल. आपल्या अंगणात होडी नाही आणि दारात तळं नाही. पण सुट्टीत आपण मुलांना घेऊन भिगवणला रोहित पाहायला जातो, तारकर्लीला जातो, धरणांच्या पाण्यात फेरी मारतो. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. धरणाचं पाणी घरचं वाटतं, म्हणून त्याचा धाक वाटत नाही. पण दहा मैलांचं मोकळं पाणी आणि त्यावर सुटलेला वारा मिल लाक्सवर जे करतो, तेच उजनीवर करतो.

तेव्हा होडी विकत घेण्याचा योग आला नाही तरी होडीत बसण्याचा येतोच. बसण्याआधी काठावर दोन मिनिटं उभं राहावं. माणसं मोजावीत. होडीची कड पाण्यापासून किती वर आहे, हे सगळे बसल्यावर पाहावं. ती वीतभर उरली असेल तर निमूटपणे उतरावं. आभाळ पाहावं, आणि परतीच्या वेळचं आभाळ कसं असेल ते विचारावं. लाइफ जॅकेट मागावं आणि पोरांच्या अंगावर त्याचे पट्टे स्वतःच्या हातानं बांधावेत. होडीवाला हसेल, बरोबरचे पाहुणे चेष्टा करतील. करू द्यावी. पाण्यावर गेल्यावर हिशेब मांडता येत नाही. तो काठावरच पुरा करून निघायचं असतं.